कुणाचं काय अडतं? वारल्यांच्या संपापासून वाढवणपर्यंत
(व्याख्यानाचं शब्दांकन)

आंदोलनांचा अभ्यास करणारे जगभरचे लोक एक साधा प्रश्न विचारत आले आहेत. अन्याय तर सगळीकडे असतो. मग आंदोलन काही ठिकाणीच, काही वेळीच का उभं राहतं?

पूर्वी उत्तर सोपं वाटायचं. असंतोष साचतो आणि एक दिवस फुटतो. 1977 साली जॉन मॅकार्थी आणि मेयर झाल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी याला हरकत घेतली. असंतोष जवळपास कायमच असतो. संघटना, पैसा, माणसं यांची जुळणी झाली की फरक पडतो, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी फ्रान्सिस फॉक्स पिव्हन आणि रिचर्ड क्लोवर्ड यांचं गरिबांच्या चळवळींवरचं पुस्तक आलं. त्यांचा भर वेगळ्या गोष्टीवर होता. गरिबाकडे पैसा नाही, वशिला नाही. पण त्याच्यावाचून समोरच्याचं काही अडत असेल, तर ते अडवून धरणं हीच त्याची ताकद.

आता हे आपल्याच भागाला लावून बघू.

1945 साली तलासरी, उंबरगाव, डहाणू हा सगळा ठाणे जिल्हा. जमीनदाराच्या शेतावर वारल्यांना फुकट राबावं लागे, ती वेठ. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलं की नवराबायको दोघं त्याच्याकडे बांधली जात, ती लग्नगडी. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. मग 1945 सालीच काय झालं? किसान सभा आली. शामराव आणि गोदावरी परुळेकर गावोगाव फिरले. मे महिन्यात झरीला मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. इथपर्यंत मॅकार्थी-झाल्ड बरोबर.

पण पुढचं बघा. ऑक्टोबरात वारल्यांनी गवतकापणीचा संप केला. गवतच का? कारण गवताला मुदत असते. पावसाळा संपला की ठरावीक दिवसांत कापावं लागतं, नाहीतर माल वाया. ते मुंबईच्या बाजाराला जायचं, आणि कापणारे हात फक्त वारल्यांचे. म्हणजे मालकाचं नेमकं कुठे आणि कधी अडतं, हे त्यांनी ओळखलं होतं. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी मारले गेले. तरी चळवळ मोडली नाही. वेठ आणि लग्नगडी मात्र मोडली.

आता वाढवणला येऊ. तिथे बंदराला विरोध नव्वदच्या दशकापासून आहे. संघटना आहे, मोर्चे झाले, मच्छीमार, बागायतदार, डायमेकर एकत्र आले. 1998 मध्ये बंदराचा प्रस्ताव थांबलाही. पण तो थांबवला कुणी? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने. त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये परवानगी दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये पायाभरणी झाली.

तुम्ही म्हणाल, लोक कमी पडले. मला तसं वाटत नाही. फरक असा, की जमीनदाराला वारल्याचे हात हवे होते. बंदराला मच्छीमाराचे हात नकोत, समुद्र हवा आहे. मच्छीमाराने उद्या मासेमारी बंद ठेवली तर नुकसान त्याचंच. अडवून धरायला त्याच्या हातात होता तो कायदा, आणि कायद्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

तारापूरच्या कारखान्यांत उलटं. तिथे हात हवे आहेत, पण ठेकेदारामार्फत. आज एक माणूस गेटबाहेर थांबला तर उद्या त्याच्या जागी दुसरा. गवत कापायला दुसरं कुणी नव्हतं, इथे आहे.

म्हणून आंदोलन हरलं की लगेच लोकांच्या निष्ठेवर बोट ठेवू नका. आधी विचारा, यांच्यावाचून समोरच्याचं काय अडत होतं? आणि काहीच अडत नसेल, तर यांच्या बाजूने ज्यांच्यावाचून अडतं असं कोण उभं राहू शकलं असतं? वाढवणचा मासा खाणारे आपण सगळे या दुसऱ्या प्रश्नात येतो.