संकेतस्थळाच्या सेवेसाठी स्वतंत्र खाते

ग्रामपंचायती, शाळा व शासकीय कचेऱ्या यांची संकेतस्थळे ज्या संगणकावर ठेवलेली असतात, त्यावर ‘वेब सर्व्हर’ नावाचा कार्यक्रम अहोरात्र चालू असतो. कोणी पान मागितले की ते काढून देणे, एवढेच त्याचे मुख्य काम. मागणारा कोण व त्याचा हेतू काय, हे त्याला सहसा ठाऊक नसते. अशा कार्यक्रमाला संगणकावर किती अधिकार द्यावेत, हा प्रश्न कचेरीत वावरणाऱ्यांना अपरिचित वाटू नये. आवक-जावक कारकुनाने खिडकीशी बसून टपाल घ्यावयाचे असते; तिजोरीची किल्ली त्याच्या हाती कोणी देत नाही.

लिनक्स प्रणालीत चालणारा प्रत्येक कार्यक्रम कोणत्या तरी खात्याच्या नावाने चालतो आणि त्या खात्याचे अधिकार त्याला प्राप्त होतात. ‘रूट’ हे सर्वाधिकारी खाते असून त्याचा क्रमांक 0 असतो. वेब सर्व्हर रूटच्या नावाने चालविला आणि त्यात एखादी त्रुटी राहून गेली, तर त्या त्रुटीतून आत शिरणारा संपूर्ण संगणकाचा मालक होतो. मग विद्यार्थ्यांच्या याद्या काय, कर आकारणीच्या नोंदी काय, सर्वच त्याच्या हाती जाते.

ही भीती काल्पनिक नाही. जुलै 2001 मध्ये ‘कोड रेड’ या उपद्रवी कार्यक्रमाने मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमधील त्रुटीचा लाभ घेऊन चौदा तासांच्या आत 3,59,000 हून अधिक संगणक ग्रासले. त्या त्रुटीतून आत शिरणाऱ्याला थेट प्रणालीचेच सर्वोच्च अधिकार मिळत. 2003 च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने पाने पुरविणारी प्रक्रिया मर्यादित अधिकारांच्या खात्यावर आणली. सप्टेंबर 2002 मध्ये ‘स्लॅपर’ने लिनक्सवरील अपॅची सर्व्हरवर असाच हल्ला केला, तेथे मात्र त्याला अपॅचीच्या मर्यादित खात्यापुरतेच अधिकार मिळाले. तेवढ्या अधिकारांवरही त्याने बाधित संगणक इतरांवरील हल्ल्यासाठी राबविले, हे विसरून चालणार नाही. स्वतंत्र खात्याने चोरी टळतेच असे नाही. चोराला पुढची दारे बंद मिळतात.

डेबियन प्रणालीत या कामासाठी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ नावाचे, 33 क्रमांकाचे खाते आधीच असते. रेड हॅट परिवारात अपॅची बसविताना ‘अपॅची’ नावाचे खाते निर्माण होते. नवे खाते उघडावयाचे असल्यास ते प्रणाली-खाते म्हणून उघडावे. त्याला परवलीचा शब्द देऊ नये, आणि आज्ञा-कवचाच्या जागी ‘नोलॉगिन’ लिहावे, म्हणजे त्या नावाने कोणालाही प्रवेश करून आज्ञा देत बसता येत नाही. एकेकाळी अनेक सेवा ‘नोबडी’ या एकाच सामायिक खात्यावर चालविण्याची प्रथा होती. ती सोयीची असली तरी गैर होती, कारण एका सेवेत शिरलेला मनुष्य त्याच नावाने चालणाऱ्या दुसऱ्या सेवेतही ढवळाढवळ करू शके.

येथे एक अडचण उभी राहते. परंपरेने 1024 च्या खालील दारे उघडण्याचा अधिकार केवळ रूटला असतो, आणि संकेतस्थळाची दारे तर 80 व 443 या क्रमांकांची. म्हणून मुख्य प्रक्रिया रूटच्या नावाने सुरू होते, दार उघडते, गुप्त किल्लीची फाइल वाचते आणि लोकांशी प्रत्यक्ष बोलण्याचे काम मर्यादित खात्याच्या दुय्यम प्रक्रियांकडे सोपविते. प्रक्रियांच्या यादीत रूटच्या नावाची एक ओळ दिसली म्हणून बिचकण्याचे कारण नाही. सर्वच ओळी रूटच्या असतील तर मात्र व्यवस्थापकाला तत्काळ विचारणा करावी.

खाते उघडले, पण पानांची मालकी त्याच खात्याला देऊन टाकली, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी होतो आणि त्याने केलेले काम निम्मे वाया जाते. पानांची मालकी वेगळ्या खात्याकडे ठेवावी व सेवेच्या खात्याला केवळ वाचण्याची परवानगी द्यावी. लोकांनी पाठविलेले अर्ज व छायाचित्रे साठविण्यापुरती एक संचिका लिहिण्यास मोकळी असावी, आणि तिच्यातील कोणतीही फाइल सर्व्हरने कार्यक्रम म्हणून चालवू नये अशी तजवीज करावी.