भंगारवाल्याला बोलावण्याआधी

सोसायटी पुनर्विकासाला निघाली किंवा गावाकडच्या घराचं काम काढलं, की पहिल्या आठवड्यातच दारात टेम्पो येऊन उभा राहतो. सागवानी कपाट, शिसवी पाट, वेत फाटलेली आरामखुर्ची, तीन पायांवर डुगडुगणारी तिवई असं सगळं पडेल भावात जातं. त्याच महिन्यात प्लायवूड-लॅमिनेटच्या नव्या फर्निचरचं कोटेशन मंजूर होतं. जोगेश्वरीच्या ओशिवऱ्याच्या बाजारात एकदा फेरी मारून पाहा. अशीच कपाटं आणि अशाच खुर्च्या तिथे पॉलिश होऊन उभ्या असतात आणि त्यांचे भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरतो. घर नव्यानं करताना सर्वांत तोट्याचा व्यवहार कुठला असेल तर हा. आणि यात आठवणी जातात तेवढंच नाही, चांगलं लाकूडही हातचं जातं.

सागाच्या खोडाचा गाभा आणि बाहेरचा फिकट थर यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही आणि पावसाळ्यातही तो फारसा वाकत-फुगत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र किडीला आवडतो. आजचा लागवडीचा साग बऱ्याचदा कमी वयात तोडला जातो, त्यामुळे त्यात फिकट भागाचं प्रमाण जास्त असतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कपाटाच्या फळ्या अनेकदा जंगलातल्या जुन्या झाडांच्या असतात. आपल्याकडे आलापल्ली-बल्लारपूरचा साग नावाजलेला. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते बल्लारपूरहूनच. त्या तोडीची फळी आज घनफुटाच्या भावानं विकत घ्यायला गेलात, तर घरातल्या जुन्या कपाटाकडे पाहण्याची नजर बदलेल.

म्हणून काम सुरू होण्याआधी एक दिवस फक्त तपासणीला द्या. कपाट भिंतीपासून ओढून पाठ बघा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून उलटे करा. फळीच्या कडेवर लाकडाची रेष सलग उतरली असेल तर ते भरीव लाकूड. कडेला कागदासारखा पातळ थर दिसला तर ते व्हिनियर. मग पॉलिश पेपर फार जपून चालवायचा, कारण तो थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. न दिसणाऱ्या जागी थोडं घासून पाहा. सागाचा रंग सोनेरी-तपकिरी येतो, लाकूड बोटाला किंचित तेलकट लागतं आणि चामड्यासारखा एक विशिष्ट वास सुटतो. शिसव जड असतं आणि त्यात जांभळट-काळी झाक असते. कोकणातल्या घरांत फणसाचं लाकूड हमखास सापडतं. ते मुळात पिवळं असतं आणि वर्षानुवर्षं गडद होत जातं.

कीड दिसली म्हणून घाबरून सगळं फेकू नका, आधी कीड कुठली ते ओळखा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. बारीक गोल भोकं आणि खाली मैद्यासारखं पीठ पडलेलं असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. वाळवी बहुधा जमिनीतून किंवा भिंतीतून येते. त्यामुळे इलाज कपाटाआधी घरावर व्हायला हवा आणि तो जाणकाराकडूनच करून घ्यावा. भुंगेरा सहसा पाठीमागच्या आंब्याच्या फळीत किंवा फिकट भागात असतो. तेवढी फळी बदलली, बाकीच्या भोकांत सिरिंजनं कीडनाशक सोडलं, की मूळ कपाट वाचतं.

आता रंगाचा प्रश्न. जुन्या घरातल्या खिडक्या, दारं, पाळणे, खाटा यांच्यावर ऑइलपेंटचे चार-पाच थर असतात आणि ते खरवडायचा मोह होतो. इथे थांबा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत हवं, हा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या छटांत, शिसं भरपूर असू शकतं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर बसते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं घातक आहे. तेव्हा जुना रंग ओल्या वॉटर पेपरनं किंवा रंग काढायच्या रसायनानं काढा. साधा रुमाल न बांधता एन-९५ मास्क लावा. मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत. जमीन झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. घर सजवण्यावर एवढं लिहिलं जातं, पण या गोष्टीचा उल्लेख क्वचितच सापडतो, म्हणून इथे ठासून सांगतो.

रंग नसून पॉलिश असेल तर काम खूप सोपं होतं. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन कोपऱ्यात लावा. पॉलिश मऊ होऊन चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे आपण ज्याला स्पिरिट पॉलिश किंवा फ्रेंच पॉलिश म्हणतो ते. लाख हा एका बारीक किड्याचा स्राव. भारत लाखेच्या उत्पादनात जगात आघाडीवर आहे, झारखंडात ती सर्वाधिक निघते आणि रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्या संशोधनाची संस्था आहे. लाखेची खरी थोरवी तिच्या दुरुस्तीत दिसते. नवा हात जुन्या थराला थोडा विरघळवतो आणि त्याच्यात मिसळून जातो, त्यामुळे ओरखडा पडला तर तेवढाच भाग सुधारता येतो. मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचं असं होत नाही, तिथे बहुधा अख्खा पृष्ठभाग घासावा लागतो.

हे पॉलिश घरी करता येतं, आणि ज्याच्याकडे धीर आहे त्यानं जरूर करावं. रंगाच्या दुकानात चपडा लाख मिळते. पातळ, मधाच्या रंगाच्या पापड्या असतात. एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत रात्रभर भिजवा. लोखंडी डबा नको, त्यानं लाख काळवंडते. सकाळी मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्या. लाकूड आधी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं, मग १८०, मग २२० नं घासा, आणि ते नेहमी रेषेच्या दिशेनं. आडवा हात मारला तर ओरखडे आधी दिसत नाहीत. पॉलिश चढल्यावर मात्र एकेक उठून दिसतो. रंध्रं भरायला खडूच्या पावडरीत गेरू किंवा पिवडी मिसळून ती लाकडात चोळतात. मग खरं काम सुरू होतं. धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस गुंडाळून बोळा करायचा, त्याला पॉलिश पाजायचं आणि तळाला जवसाच्या तेलाचा एकच थेंब लावायचा. मग लहान गोल, त्यानंतर इंग्रजी आठाचा आकडा आणि शेवटी लांब सरळ हात. बोळा लाकडावर टेकलेला असताना थांबवायचा नाही, थांबला की तिथे चिकटतो आणि खड्डा पडतो. पहिल्या काही हातांत काहीच झालंसं वाटत नाही. नंतर लाकडाच्या आतून उजेड यावा तशी रेषन्‌रेष वर येते. दुकानातल्या कुठल्याही लॅमिनेटला ती खोली येत नाही.

लाखेच्या मर्यादाही आहेत. गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, आणि मद्याचा थेंब पडला तर डाग. म्हणून जेवणाच्या टेबलाला हे पॉलिश नको, तिथे पीयू बरं. कपाट, देव्हारा, पुस्तकांची मांडणी, झोपाळ्याची फळी यांना लाखेसारखं दुसरं काही नाही. आणखी एक गोष्ट. स्पिरिट भडकन पेटतं, तेव्हा त्या खोलीत उदबत्ती, निरांजन, गॅस यांतलं काहीही चालू नको. जवसाचं तेल लावलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या सुकताना आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. पाण्यात भिजवून टाका किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा.

डुगडुगणाऱ्या खुर्चीला खिळा मारणं हा तिच्यावर अन्याय आहे. जुन्या खुर्च्यांचे सांधे खाचेत बसवून सरसानं चिकटवलेले असतात. तो सरस वर्षांनी सुटतो, लाकूड धडच असतं. गरम पाण्याच्या फडक्यानं सरस मऊ करून सांधा उकला, जुना सरस खरवडून काढा आणि सुतारी गोंद लावून शिकंज्यात एक दिवस आवळून ठेवा. फेविकॉल बाजारात आला १९५९ साली, त्याआधीच्या वस्तूंत सरसच सापडणार. अडकणाऱ्या ड्रॉवरच्या पट्ट्यांवर मेणबत्ती घासली की तो हलका होतो, रंधा मारायची घाई नको.

वेताची जाळी मात्र हळूहळूच जमते. चौकटीच्या कडेला ठरावीक अंतरावर भोकं असतात. वेत पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवून आधी उभे धागे घालायचे, त्यांवर आडवे, पुन्हा उभे. चौथ्या फेरीत आडवे धागे खाली-वर विणायचे, मग दोन तिरप्या फेऱ्या एकमेकींना छेद देऊन. शेवटी कडेला पट्टी. जाळी ओली असताना किंचित सैल वाटते आणि वाळली की टिपरीसारखी टणक होते. हे काम करून घ्यायचं असेल, तर आपल्याकडच्या अंधांच्या संस्थांत आधी चौकशी करा. खुर्च्या विणण्याचं शिक्षण तिथे पिढ्यान्‌पिढ्या दिलं जातं आणि त्या हातांची वीण एकसारखी असते.

लोखंडी कपाटाचं गणित निराळं. गोदरेजचं कपाट १९२३ पासून आपल्या घरांत आहे आणि त्या जुन्या पत्र्याची जाडी आज सहज मिळत नाही. गंज तारेच्या ब्रशनं काढा, साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या आणि एनॅमलचे दोन पातळ थर फोमच्या रोलरनं मारा. ब्रशनं रेघा उमटतात. गडद निळा किंवा शेवाळी रंग दिला की तेच कपाट बैठकीत ठेवण्याजोगं होतं.

इथे माझं एक ठाम मत आहे. हल्ली सगळ्या लाकडाला खडूसारखा पांढुरका रंग देऊन मुद्दाम कडा खरवडायची टूम आहे. प्लायवूडच्या, एमडीएफच्या, लॅमिनेट उडालेल्या वस्तूंना खुशाल तसा रंग द्या, त्यांचं रूप खरोखर खुलतं. पण साग, शिसव, फणस यांच्यावर रंग फासू नका. आणि उलट, पाण्यानं फुगलेल्या एमडीएफवर पैसे घालू नका, ते पूर्ववत होत नाही.

खोलीकडे वळताना आधी भिंत पाहा. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. आतल्या बाजूला पाणी धरलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. जुन्या दगडा-विटांच्या, चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर प्लॅस्टिक पेंट दिला की ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि पोपडे पडतात. अशा भिंतीला चुनाच द्यावा, तो भिंतीतली वाफ बाहेर जाऊ देतो. वायरिंग, नळ, गळती ही कामं जाणत्या कारागिरांची. ती उरकल्यावर भिंती आणि जमीन, आणि सर्वांत शेवटी पॉलिश. हा क्रम उलटला तर ताज्या पॉलिशवर सिमेंटची धूळ बसते.

सजावटीला बाजारात जाण्याआधी पेटारा उघडा. सुती नऊवारी सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते. दीड मीटरचे चार तुकडे कापले तर दोन मध्यम खिडक्यांना भरपूर चुण्यांचे पडदे होतात, शिवाय काठ दोन्ही बाजूंनी उभे उतरतात. पदर उशीच्या अभ्र्याला ठेवा. खणाच्या कापडानं बैठकीचे लोड मढवा. फडताळ, कोनाडे बुजवू नका, आत २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावा. पांढऱ्याफटक ६५०० केल्विनच्या उजेडात लाकूड करडं दिसतं. पितळी कड्या आणि मुठी चिंच-मिठानं घासून धुवा, लगेच कोरड्या करा. एखादी मूठ हरवली असेल तर पुण्यात बोहरी आळी किंवा बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळा, जोडीला जोड बहुधा मिळते.

परदेशी असलेल्या मुलांसाठी एक सूचना. आजीचा शिसवी पाट किंवा पेटी सोबत न्यायची असेल, तर शिसव हे आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या झाडांत मोडतं. कागदपत्रांची चौकशी आधी करा, विमानतळावर नको.

पॉलिशचं काम पाऊस सरल्यावरच काढा. दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर पांढरट ढग धरतो, म्हणून आपल्याकडे दिवाळी ते होळी हाच या कामाचा हंगाम. सुरुवात कपाटानं करू नका. घरातलं एखादं स्टूल किंवा पाट घ्या, त्याच्या खालच्या बाजूवर हात बसवा आणि मग वरची बाजू करा. टेम्पोवाल्याला तोवर थांबायला सांगा.