फिजिक्सची पदवी घेताय? कॉलेजच्या नावाआधी अभ्यासक्रम वाचा

बारावीनंतर 'मला इंजिनीअरिंग नको, फिजिक्सच शिकायचंय' असं म्हणणारं मूल घरात असेल, तर पुढचा प्रश्न तुम्ही ऐकला असेलच: "नुसती बीएस्सी करून पुढे काय?" मूल हट्टाला पेटतं, आई-बाबा काळजीत पडतात. एक गोष्ट मात्र दोघांच्याही नजरेतून सुटते. फिजिक्सची बीएस्सी म्हणजे एकच काहीतरी नसतं. एकाच विद्यापीठात फिजिक्स शिकवणाऱ्या तीन-चार वेगवेगळ्या पदव्या असतात आणि त्यांतून निघणारे रस्तेही वेगळे असतात.

दिल्ली विद्यापीठाचं उदाहरण घेऊ. इथे देशभरातून मुलं येतात. प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतो आणि ही परीक्षा ज्या १३ भाषांत देता येते त्यांत मराठीही आहे. म्हणजे तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की हैदराबादला, फॉर्म तोच. (फिजिक्स शिकवलं मात्र इंग्रजीतूनच जातं, हे आधीच माहीत असलेलं बरं.)

नावं सारखी, पदव्या वेगळ्या

यादीत 'बीएस्सी ऑनर्स फिजिक्स' दिसेल. थोडं खाली 'बीएस्सी फिजिकल सायन्स' दिसेल, तेही केमिस्ट्रीसह, इलेक्ट्रॉनिक्ससह किंवा कॉम्प्युटर सायन्ससह अशा वेगवेगळ्या रूपांत. काही कॉलेजांत 'बीएस्सी ऑनर्स इलेक्ट्रॉनिक्स' आहे. या सगळ्यांत फिजिक्स आहे, पण किती आहे हा खरा प्रश्न.

ऑनर्स फिजिक्समध्ये मुख्य विषय एकच आणि तो खोलवर. फिजिकल सायन्समध्ये फिजिक्स, गणित आणि तिसरा एक विषय साधारण सारख्या वजनाने चालतात. ही दुय्यम पदवी आहे असा एक समज आहे, तो मला पटत नाही. ज्या मुलीला शाळेत विज्ञान आणि गणित शिकवायचंय, किंवा ज्या मुलाचं कोडिंग की फिजिक्स हे अजून ठरत नाहीये, त्यांच्यासाठी ती जास्त शहाणपणाची निवड ठरू शकते. मात्र संशोधनाचंच स्वप्न असेल तर ऑनर्सची खोली उपयोगी पडते. तीन विषयांच्या पदवीतून एमएस्सी फिजिक्सला जाता येतं, पण मधली दरी स्वतः अभ्यास करून भरावी लागते.

आता पसंतीक्रमाचं. दिल्लीच्या पोर्टलवर तुम्ही कॉलेज आणि कोर्स अशा जोड्या क्रमाने लावता. समजा, कॉलेज नावाजलेलं म्हणून तुम्ही तिथलं इलेक्ट्रॉनिक्स वर ठेवलंत आणि कमी गाजलेल्या कॉलेजातलं फिजिक्स खाली. गुण पुरेसे असतील तर संगणक वरचीच जागा देणार. पुढच्या फेरीसाठी 'अपग्रेड' निवडून वरची पसंती मिळाली की हातातली खालची जागा आपोआप जाते. मागे फिरता येत नाही. म्हणून क्रम लावताना कोर्स आधी बघा, कॉलेज नंतर. ऑनर्स फिजिक्सचा अभ्यासक्रम हिंदू, हंसराज, मिरांडा हाऊस, रामजस, किरोडीमल अशा सगळ्या कॉलेजांत एकच असतो आणि पदवीही विद्यापीठाचीच मिळते. शिक्षक, प्रयोगशाळा, सोबतची मुलं यांत फरक पडतो. तो फरक छोटा नाही, पण कोर्सच चुकला तर त्याचा उपयोग काय?

ब्लॅक होल नंतर, आधी गणित

बऱ्याच मुलांना फिजिक्सची गोडी व्हिडिओंमधून लागते. ब्लॅक होल, टाइम ट्रॅव्हल, क्वांटमची गूढ दुनिया. लागू दे, त्यात काही वाईट नाही. पण पहिल्या सत्रात जे समोर येतं ते असं: मॅथेमॅटिकल फिजिक्स, मेकॅनिक्स, वेव्ह्ज आणि ऑसिलेशन्स. मॅथेमॅटिकल फिजिक्स दुसऱ्या सत्रातही असतं आणि तिसऱ्यातही. व्हेक्टर कॅलक्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, फूरिए सिरीज. सोबत संगणकावर पायथॉनमध्ये गणितं सोडवणं. नंतर वीज आणि चुंबकत्व, उष्णता, प्रकाश, सॉलिड स्टेट, इलेक्ट्रॉनिक्स. क्वांटम मेकॅनिक्सचा सविस्तर अभ्यास तिसऱ्या वर्षी येतो, कारण त्याआधीचं गणित नसेल तर तो कळतच नाही.

जयंत नारळीकरांची बीएस्सी बनारस हिंदू विद्यापीठाची, १९५७ची. पुढे केंब्रिजला ते गेले ते गणितासाठीच, आणि विश्वाच्या उत्पत्तीकडे वळले ते या गणिताच्या पायावर उभं राहून.

तेव्हा घरी एक छोटी चाचणी घ्या. फी लागत नाही, क्लासही लागत नाही. विद्यापीठाच्या वेबसाइटवर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते. त्यातून पहिल्या सत्राच्या मॅथेमॅटिकल फिजिक्सचं संदर्भ पुस्तक शोधा, मुलाला दोन आठवडे द्या आणि एक प्रकरण उदाहरणांसह सोडवायला सांगा. सगळं सुटेल असं नाही. अडल्यावर ते पान मिटतं की पुन्हा उघडतं, एवढं बघा. बारावीतले ९५ टक्के हे सांगू शकत नाहीत.

चुकलेलं उत्तर शोधायची प्रयोगशाळा

या पदवीतली माझ्या मते सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे प्रात्यक्षिकं. बारावीपर्यंत आपल्याकडे प्रयोग म्हणजे जर्नल. उत्तर आधीच ठाऊक असतं, रीडिंग त्याला जुळवून घेतली जातात. कॉलेजात हे जुळवणं फार काळ टिकत नाही.

न्यूटन्स रिंग्ज हा जुना प्रयोग घ्या. काचेच्या सपाट पट्टीवर एक बाजू फुगीर असलेलं भिंग ठेवायचं, वरून सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश पाडायचा. सूक्ष्मदर्शकात एकात एक गुंफलेली काळी-पिवळी वर्तुळं दिसतात. त्यांचे व्यास मोजायचे, व्यासांचे वर्ग आणि वर्तुळाचा क्रमांक यांचा आलेख काढायचा. रेषेच्या उतारावरून प्रकाशाची तरंगलांबी मिळते. ती ५८९ नॅनोमीटरच्या आसपास यायला हवी. येते ६४०. आता शोधा. वर्तुळांचा क्रमांक मोजताना एखादं सुटलं का? की सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू मध्येच उलटा फिरवला? उलटा फिरवला की त्याच्या आट्यांमधली मोकळीक रीडिंगमध्ये घुसते. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच दिशेने जायचं असतं, आणि हे एकदा दुपार वाया गेल्याशिवाय कुणाच्या अंगवळणी पडत नाही.

आपलं उत्तर कुठे आणि किती चुकलं हे सांगता येणं, ही सवय पुढे डेटाच्या कामात लागते आणि संशोधनातही. त्यामुळे कॉलेज बघायला गेलात तर इमारतीपेक्षा प्रयोगशाळा बघा. एका उपकरणावर किती मुलं काम करतात, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. तीच खरं सांगतात.

तीन वर्षं की चार?

दिल्ली विद्यापीठात २०२२पासून चार वर्षांची रचना आली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर डिप्लोमा आणि तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथ्या वर्षी प्रबंध किंवा प्रकल्प करता येतो. मुख्य विषयांसोबत काही छोटे विषयही घ्यावे लागतात. त्यांत 'आनंदी राहण्याची कला' असाही एक आहे, मेकॅनिक्सच्या पेपरच्या आठवड्यात त्याचा उपयोग होत असावा.

चौथं वर्ष सगळ्यांसाठी नाही. पण संशोधनात जायचं असेल तर त्याला वजन आहे. यूजीसीच्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर एमएस्सी न करताही पीएचडीसाठी अर्ज करता येतो, नेट देता येते. एमएस्सी करायचीच असेल, तर चार वर्षांनंतर ती एका वर्षाची असू शकते.

आता आई-बाबांचा प्रश्न, पुढे काय? स्पष्ट सांगायचं तर तीन वर्षांनंतर थेट फिजिक्समधली नोकरी मिळणं अवघड आहे. हा लांबचा रस्ता आहे. आयआयटी आणि आयआयएस्सीमधल्या एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा असते, गेट तिसऱ्या वर्षात असतानाही देता येते, शाळेत शिकवायचं तर बीएड लागतं. बँका आणि यूपीएससी कोणत्याही पदवीधराला खुल्या आहेतच. आणि पीएचडी म्हणजे तिशीपर्यंत घरच्यांच्या पैशांवर शिकणं, हा समज आता सोडायला हरकत नाही. नेटमधून जेआरएफ मिळवणाऱ्याला २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. ही जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही, स्पर्धा मोठी आहे.

दुसऱ्या शहरात जायचं असेल तर राहण्याचा हिशोब वेगळा मांडा. सरकारी अनुदानित कॉलेजच्या फीपेक्षा दिल्लीतल्या खोलीचं भाडं आणि जेवण वर्षाला कितीतरी जास्त होतं, आणि प्रत्येक कॉलेजला वसतिगृह नाही. ही चौकशी पसंतीक्रम लॉक होण्याआधी करा. जागा मिळाल्यावर ती स्वीकारायला फारच थोडे दिवस हातात असतात.