अंगडी : कोरमंगलाच्या आडरस्त्यांवरील दुकानदारी

बंगळुरूला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा एक नवा वर्ग गेल्या दोन-तीन दशकांत निर्माण झाला आहे. मुलगा, सून, लेक किंवा जावई संगणक क्षेत्रात नोकरीला. घर कोरमंगला किंवा त्याच्या आसपास. आणि पुणे, सांगली, नागपूर येथून महिना-दोन महिन्यांसाठी आलेले आई-वडील. लालबाग, विधानसौध आणि कब्बन पार्क पाहून होतात, एखाद्या शनिवार-रविवारी म्हैसूरही होते. त्यानंतरच्या दुपारी मात्र मोकळ्या असतात. मॉलमध्ये एकदा गेले की दुसऱ्यांदा जावेसे वाटत नाही, कारण तिथे जे मिळते ते पुण्यातही मिळते. अशा वेळी घराच्या फाटकाबाहेर पडून आडरस्त्यांनी चालू लागावे. कोरमंगलाचे खरे वैभव या रस्त्यांवरील लहान, स्वतंत्र दुकानांत आहे. कन्नडमध्ये दुकानाला ‘अंगडी’ म्हणतात. हा एक शब्द पाठ केला की पाट्या वाचता आल्या नाहीत तरी विचारपूस करता येते. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ ही संबोधने तर मराठी माणसाला शिकावीही लागत नाहीत!

पेठांचे शहर

बंगळुरू हे जन्मापासूनच दुकानांचे शहर आहे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये हे नगर वसवले, तेव्हा व्यवसायांनुसार पेठा आखल्या गेल्या. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्किपेटे. बळे म्हणजे बांगडी, म्हणून बळेपेटे. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेटे. ‘पेटे’ म्हणजे आपली पेठच. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे नगर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून आले. मराठी मनाचे या शहराशी असलेले नाते त्यामुळे संगणकयुगाहून बरेच जुने आहे.

कोरमंगला मात्र या पेठांच्या मानाने अगदी अलीकडचे. बंगळुरू विकास प्राधिकरणाने आखलेली, आठ ‘ब्लॉक’मध्ये विभागलेली ही निवासी वसाहत आहे. एका दिशेने जाणारे रस्ते ‘मेन’ आणि त्यांना छेदणारे ‘क्रॉस’. हे सूत्र ध्यानात ठेवले की पाहुणा सहसा चुकत नाही. इन्फोसिसचे कार्यालय इलेक्ट्रॉनिक सिटीत जाण्यापूर्वी याच भागात होते. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी येथे उभारलेले क्रीडाग्राम आजही मोठी वसाहत म्हणून नांदते आहे. २००४ मध्ये होसूर रस्त्यावर फोरम मॉल सुरू झाला. आज तो नेक्सस या नावाने ओळखला जातो. त्याच्या झगमगाटाने लहान दुकाने विझून जातील अशी भीती तेव्हा अनेकांना वाटली होती. प्रत्यक्षात मॉलपासून थोड्याच अंतरावर पाचव्या ब्लॉकमध्ये, गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या वसाहतीत आणि ज्योती निवास या महिला महाविद्यालयाच्या रस्त्यावर कपडे, पादत्राणे, दागिने, पुस्तके आणि खाद्यपदार्थ यांची दुकाने दाटीवाटीने उभी राहिली. अनेक दुकाने मूळच्या राहत्या घरांत आहेत. दिवाणखान्यात साड्या, शयनगृहात कुर्ते आणि पोर्चमध्ये कॉफीची दोन टेबले, अशी त्यांची मांडणी असते. येथील ‘बुटीक’चे रूप बहुधा असेच घरगुती असते.

ओटीतला खण

अशा दुकानांतून फिरताना मराठी गृहिणीला सर्वांत मोठे आश्चर्य वाटते ते ओळखीची वस्तू अनोळखी गावी भेटल्याचे. हातमागाच्या दुकानात चौकडीच्या अंगाची, लाल रेशमी पदराची साडी दिसते, आणि आजीचे इरकली लुगडे आठवते. ही साडी बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावची. मराठीत गावाचे नावच वस्त्राला चिकटले. तिची खासियत पदराच्या जोडणीत आहे. अंगाचा उभा धागा वेगळा आणि पदराचा वेगळा तयार करून दोहोंचे फास एकमेकांत अडकवून ते जोडले जातात. या पद्धतीला ‘टोपे-तेनी’ म्हणतात. ही जोडणी प्रत्येक साडीसाठी स्वतंत्रपणे करावी लागते. एकच लांब ताणा लावून त्यावर साड्यांमागून साड्या विणत जावे, अशी सोय येथे नाही. अस्सल इरकल साडीची किंमत यंत्रमागावरील नकलेपेक्षा जास्त का, याचे उत्तर या जोडणीत आहे.

त्याच जिल्ह्यात, बदामीजवळच्या गुळेदगुड्ड गावी खण विणला जातो. ओटी भरताना नारळासोबत दिला जाणारा खण मूळचा कुठला, हा प्रश्न आपल्या घरांत क्वचितच कोणी विचारला असेल. महाराष्ट्रातील चोळ्यांसाठी आणि ओट्यांसाठी पिढ्यान् पिढ्या कर्नाटकातील हातमाग चालत आले. शिवलेल्या ब्लाउजांचा प्रसार झाला, चोळ्या मागे पडल्या आणि खणाची मागणी आटली. अलीकडच्या वर्षांत मात्र साड्या, ओढण्या, पिशव्या आणि आकाशकंदील यांच्या रूपाने खण पुन्हा लोकांसमोर आला आहे. हे पुनरागमन घडवण्यात लहान दुकानांचा आणि घरगुती उद्योजिकांचा वाटा मोठा आहे. ठरावीक नमुन्यांचा हजारोंच्या संख्येने माल मागवणाऱ्या दालनांना काही मोजक्या मागांचा माल परवडत नाही. चाळीस-पन्नास नगांवर भागवणाऱ्या दुकानाला तो परवडतो.

धारवाडच्या कशिद्याची गोष्टही अशीच. गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी या चार टाक्यांवर हा कशिदा उभा आहे. कापडावर नक्षी आधी रेखली जात नाही. धागे मोजत मोजत ती भरली जाते. गवंती आणि मुर्गी टाके पुढून-मागून सारखेच दिसतात. म्हणून कशिद्याची साडी घेताना ती उलटी करून पाहावी. मागे गाठींचा गुंता दिसला तर ते काम बहुधा यंत्राचे किंवा घाईचे समजावे.

रेशीम घेताना आणखी एक सोय हाताशी आहे. कोरमंगलाच्या जवळच, वाहतूककोंडीसाठी ख्यातनाम झालेल्या चौकात केंद्रीय रेशीम मंडळाचे कार्यालय आहे. या मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून शुद्ध रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ ही खूण दिली जाते. हातमागाच्या कापडासाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आहे. खरेदीपूर्वी या खुणा पाहाव्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवर ‘सेंट्रल सिल्क बोर्ड’ हे स्थानक असल्याने या भागात येणेही आता सुकर झाले आहे.

लाखेचे रंग

नातवंडांसाठी खेळणी पाहावीत तर चन्नपट्टणची. बंगळुरू-म्हैसूर मार्गावर सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या या गावची लाकडी खेळणी शहरातील बहुतेक हस्तकलेच्या दुकानांत मिळतात. कुड्याच्या जातीचे मऊ, पांढरट लाकूड चरकावर फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. नंतर केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणली जाते. सावंतवाडीच्या रंगवलेल्या खेळण्यांशी परिचित असलेल्या वाचकाला दोन्ही परंपरांतील हा फरक हातात घेताच जाणवेल. चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक उपदर्शन मिळाले आहे. तरीही स्वस्त प्लास्टिकशी आणि नकली मालाशी त्यांची झुंज संपलेली नाही.

एकाच वसाहतीतील दोन पुस्तकविक्रेते

लहान दुकानाचे भवितव्य काय, या प्रश्नाचे दोन टोकांचे दाखले कोरमंगलानेच दिले आहेत. २००७ मध्ये सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन तरुण अभियंत्यांनी येथील एका सदनिकेतून इंटरनेटवर पुस्तके विकण्यास प्रारंभ केला. तेच फ्लिपकार्ट. अकरा वर्षांनी, २०१८ मध्ये, वॉलमार्टने त्यातील सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलर्सना घेतला. ज्यांच्यामुळे देशभरातील पुस्तकांच्या दुकानांना धडकी भरली, ते स्वतः एके काळी कोरमंगलातील छोटे पुस्तकविक्रेतेच होते.

दुसरा दाखला ‘अट्टा गलाट्टा’ या दुकानाचा. कन्नडमध्ये ‘आट’ म्हणजे खेळ आणि ‘गलाटे’ म्हणजे गोंगाट. इंटरनेटवरील सवलतींचा जोर असतानाच पाचव्या ब्लॉकमध्ये हे दुकान उघडले गेले. भारतीय लेखक आणि भारतीय भाषांतील पुस्तके यांवर त्याने भर दिला, आणि पुस्तकांच्या जोडीला काव्यवाचन, नाटके, मुलांसाठी कथाकथन असे कार्यक्रम सुरू केले. बंगळुरू साहित्य महोत्सवात त्याच्या नावाने ग्रंथपुरस्कारही दिले जाऊ लागले. सवलतीत स्पर्धा करणे शक्य नव्हते. म्हणून त्याने लोकांना एकत्र येण्यासाठी जागा दिली. पुढे हे दुकान कोरमंगला सोडून इंदिरानगरला गेले. जागा बदलली, दुकान मात्र टिकले. लहान दुकानाची ताकद त्याच्या भिंतींत नसून त्याच्या माणसांत असते, हेच यावरून दिसते.

टिकून राहण्याची किंमत

तथापि सर्वांनाच हे साधत नाही. ज्या वसाहतीचे नाव होते, तिथले भाडे वाढते. आणि ज्या दुकानांनी ते नाव मिळवून दिले, त्यांनाच ते प्रथम जड जाते. निवासी भागातील वाढत्या व्यापारामुळे वाहने, कचरा आणि आवाज यांचा त्रास होतो, ही रहिवाशांची तक्रारही रास्त आहे. त्यात सार्वजनिक कामांची भर. एजिपुरा ते केंद्रीय सदन हा सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल २०१७ मध्ये हाती घेण्यात आला. तो २०१९ मध्ये पुरा व्हावयाचा होता. पण काम वर्षानुवर्षे रेंगाळले. दुकानासमोरचा रस्ता खणलेला असेल तर ग्राहक पलीकडून निघून जातो. भाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते.

२०२० च्या टाळेबंदीचा फटका याहून मोठा होता, आणि तो दुकानापाशी थांबला नाही. शिवमोग्गा जिल्ह्यातील हेग्गोडू येथे रंगकर्मी प्रसन्न यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली ‘चरक’ ही महिलांची सहकारी संस्था नैसर्गिक रंगांतील हातमागाचे कपडे तयार करते. ते ‘देसी’ या दुकानांतून विकले जातात. दुकाने बंद पडताच विक्री थांबली आणि त्या वर्षी संस्था गंभीर आर्थिक संकटात सापडली. बंगळुरूतील एका दुकानाचे दार बंद झाले की तीनशे किलोमीटरवरील खेड्यातल्या मागाचा आवाज थांबतो. दुकान हा साखळीचा शेवटचा दुवा; तो तुटला की मागची सारी साखळी सुटते.

हिशेबाची वही

बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना विचार करायला लावणारा आणखी एक प्रसंग जुलै २०२५ मध्ये घडला. यूपीआयद्वारे जमा झालेल्या रकमांच्या आधारे कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने हजारो छोट्या व्यापाऱ्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा पाठवल्या. बंगळुरूतील अनेक दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या झळकल्या. व्यापाऱ्यांनी आंदोलनाची हाक दिली. अखेर नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल न करण्याचे सरकारने जाहीर केले.

या प्रकरणातून लहान दुकानदाराने घ्यावयाचा बोध साधा आहे. वस्तूंच्या विक्रीसाठी वार्षिक ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख रुपये ही नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा आहे. घरखर्चाचे बचत खाते आणि दुकानाचे चालू खाते वेगळे ठेवले, करमाफ आणि करपात्र मालाची विक्री स्वतंत्र नोंदवली, तर नोटिशीला उत्तर देणे कठीण जात नाही. शिवाय नीटनेटका हिशेब ही कर्जासाठीची पहिली पात्रता असते. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत तारणाशिवाय ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत, ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. ‘तरुण’ गटातील कर्ज यशस्वीपणे फेडणाऱ्यांसाठी २०२४ पासून ही मर्यादा २० लाख झाली आहे. घराच्या दिवाणखान्यात साड्यांचे दुकान मांडणाऱ्या गृहिणीलाही ही वाट खुली आहे.

ग्राहकाचा वाटा

ग्राहकाच्या हातीही बरेच काही आहे. लहान दुकानात जाऊन कापड हाताळावे, दुकानदाराकडून विणकाम समजून घ्यावे, त्याचे छायाचित्र काढावे आणि घरी येऊन तशीच नक्कल इंटरनेटवर स्वस्तात मागवावी, हा व्यवहार कायद्याने गुन्हा नसला तरी त्यात दुकानदाराच्या ज्ञानाचे मोल बुडते. निश्चित भाव लिहिलेल्या हातमागाच्या वस्तूवर घासाघीस करण्यापूर्वी ती किती दिवसांत विणली गेली, एवढे विचारावे. उत्तर ऐकल्यावर घासाघीस करण्याची इच्छा बहुधा राहत नाही. वस्तू कोठून आली, कोणी केली, हे सांगण्यास दुकानदार उत्सुक असतो; किंबहुना ते सांगता येते म्हणूनच तो हा व्यवसाय करीत असतो.

मुक्काम संपवून परतणाऱ्या आई-वडिलांच्या सामानात कॉफीची पूड आणि म्हैसूरपाक तर असतोच. त्यासोबत एखादा गुळेदगुड्डचा खणही असावा. पुढच्या वेळी कोणाची ओटी भरताना तो हातात येईल, तेव्हा तो कुठला, हे सांगता येईल. आणि मागावर बसलेल्या त्या दूरच्या हातांना आपल्या घरात पहिल्यांदाच ओळख मिळेल.