मोरस साखर आणि मोरसची माणसे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या बाजारपेठांत येणाऱ्या पांढऱ्या, रवाळ परदेशी साखरेला 'मोरस' म्हणत, आणि गुजराती घरांत साखरेला आजही हाच शब्द वापरला जातो. हे नाव हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटावरून पडले. ज्या गावांत गुळाची ढेप हाच गोडाचा मुख्य आधार होता तेथे ही साखर पोहोचली, तेव्हा तिच्यासाठी ऊस लावणाऱ्या आणि तोडणाऱ्या हातांत काही हात सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या मराठी मुलखातले आहेत, हे ती विकत घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात असेल. साखरेच्या नावाने हे बेट मराठीत आले, परंतु तेथे गेलेल्या माणसांची आठवण मराठीत तितकीशी रुजली नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना तर या आठवणीशी दुहेरी नाते आहे: एके काळी येथून माणसे दूरच्या उसाच्या शेतांकडे गेली, आणि आज इथल्याच उसाच्या फडांत दुरून माणसे येतात.

मॉरिशसचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे ते सातारा जिल्ह्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे आणि सांगली जिल्ह्याच्या पाव हिश्श्याहूनही लहान आहे. २०११ च्या जनगणनेत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या प्रत्येकी २८ ते ३० लाखांच्या घरात होती, तर या संपूर्ण राष्ट्राची लोकसंख्या बारा-तेरा लाखांच्या आसपास आहे. ज्वालामुखीतून वर आलेल्या या बेटावर मुळात मनुष्यवस्तीच नव्हती, आणि म्हणून तेथील प्रत्येक समाज कधी ना कधी बाहेरून आलेला आहे. १५९८ मध्ये डच खलाशांनी राजपुत्र मॉरिस याचे नाव बेटाला दिले, १६३८ मध्ये तेथे वसाहत केली आणि जावा बेटावरून ऊस आणून लावला. त्यांच्याच काळात डोडो हा उडता न येणारा, जगात इतरत्र कोठेही न आढळणारा पक्षी नामशेष होण्याच्या वाटेला लागला. १७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला, आणि १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या ला बुर्दोने याच्या कारकिर्दीत पोर्ट लुई हे बंदर उभे राहिले. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर फ्रेंच मळेवाल्यांनी आपली समृद्धी उभारली.

१८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, तरी फ्रेंचांचे कायदे, भाषा, धर्म आणि जमिनी यांना त्यांनी धक्का लावला नाही. त्यामुळे राज्यकर्ता इंग्रज आणि जमीनदार फ्रेंच अशी विलक्षण रचना तेथे टिकून राहिली. १८१५ पासून मुंबई आणि बंगालमधून जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधण्यासाठी तेथे पाठवले जात. १८३६ मध्ये पोर्ट लुईला उतरलेल्या चार्ल्स डार्विनने या भारतीय कैद्यांविषयी आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपली, परंतु मळ्यांना मजूर हवेच होते, आणि त्याची तजवीज आधीच सुरू झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' या जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर आले.

या पद्धतीला करारबद्ध मजुरी म्हणतात. 'अ‍ॅग्रिमेंट' या इंग्रजी शब्दाचा मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाला आणि करारावर अंगठा उठवणारा तो गिरमिटिया ठरला. कराराची मुदत सामान्यतः पाच वर्षांची असे, पुरुषाला महिना पाच रुपये मजुरी आणि त्यासोबत तांदूळ, डाळ, मीठ, तेल यांचा शिधा ठरलेला असे. या करारातील सर्वांत जाचक भाग म्हणजे दुहेरी कपात: मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. मळा सोडून बाहेर पडायचे तर परवाना लागे, आणि परवान्याविना सापडलेल्याला भटका ठरवून कैदेत टाकले जाई. बंदरावरच्या ज्या तळावर हे मजूर प्रथम उतरत तो पूर्वी कुली घाट म्हणून ओळखला जाई. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. जहाजातून उतरलेला प्रत्येक जण ज्या दगडी पायऱ्या चढून तळाच्या आवारात येई, त्या पायऱ्या तेथे जपून ठेवलेल्या आहेत.

बहुसंख्य मजूर कलकत्ता बंदरातून, म्हणजे आजच्या बिहार आणि उत्तर प्रदेशातून गेले, त्यांच्या खालोखाल मद्रासमधून गेले, आणि मुंबईहून निघालेले तुलनेने थोडे होते. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, कोल्हापूर आणि सातारा या भागांतील कुटुंबे होती. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते, तर वाळवा, तासगाव आणि खानापूर हे आज सांगलीत असलेले तालुके इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे जुन्या नोंदीतील 'सातारा' या एका शब्दात आजच्या दोन्ही जिल्ह्यांतील गावे सामावलेली असू शकतात. १८४८ मध्ये साताऱ्याचे छत्रपतींचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले, आणि माण, खटाव, खानापूर यांसारख्या पर्जन्यछायेतील तालुक्यांना दुष्काळ तर पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा होता. पोटासाठी गाव सोडणे ही या भागाची जुनीच रीत आहे. पुढच्या काळात विटा, आटपाडी आणि माण परिसरातील गलाई व्यावसायिक, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे कारागीर, भारतभरच्या सराफ बाजारांत पसरले, तेही याच कोरडवाहू मुलखातून.

मॉरिशसमध्ये उतरताना नोंदवहीत मजुराचे आणि त्याच्या वडिलांचे नाव लिहिले जाई, आणि पुढे त्यातलेच एखादे नाव फ्रेंच-इंग्रजी धाटणीच्या लेखनात कुटुंबाचे आडनाव होऊन बसे. भिवाजी, सखाराम, बाबाजी अशी नावे तेथे आडनावे म्हणून भेटतात ती या कारणाने, आणि मूळ आडनाव व गाव हरवले तेही याच कारणाने. मळ्यांची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुकड्यातुकड्यांनी विक्री सुरू झाली, तेव्हा अनेक गिरमिटियांनी साठवलेल्या पैशांतून थोडी थोडी जमीन घेतली आणि मजुराचा लहान ऊसउत्पादक झाला. मराठी कुटुंबे बेटाच्या पश्चिम आणि मध्य भागांत, कास्कावेल, वाक्वा, हेन्रिएटा अशा ठिकाणी स्थिरावली. १८९६ मध्ये हेन्रिएटा येथे एका मराठी कुटुंबाने गणेशोत्सव सुरू केला, असे मानले जाते. आज गणेशचतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. गणपतीपुढे तेथे 'झाकरी' नावाचा गाण्यासह केलेला फेराचा नाच होतो, आणि कोकणातील जाखडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याचे कूळ सांगावे लागत नाही. लग्नकार्यातील गोंधळही तेथे टिकला. येथे मात्र भाषेविषयी भाबडे राहून चालणार नाही: या घरांची रोजची बोली क्रिओल, म्हणजे फ्रेंच शब्दांवर आफ्रिकी आणि इतर संस्कार होऊन घडलेली बेटाची लोकभाषा आहे, आणि मराठी प्रामुख्याने आरती, भजन, नाटक आणि शाळेचा वर्ग यांत जगते. शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे अध्यापन होते, १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषद याच बेटावर भरली, आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथील महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास असलेल्या समाजाने पावणेदोनशे वर्षे हे सांभाळले, ही लहान गोष्ट नव्हे.

ते शक्य झाले याचे श्रेय समाजाच्या जिद्दीइतकेच त्या राष्ट्राच्या घडणीलाही द्यावे लागते. १२ मार्च १९६८ रोजी, दांडीयात्रेच्या स्मृतिदिनी, मॉरिशस स्वतंत्र झाले आणि १९९२ मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक बनले. भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी आणि गुजराती मुळांचे भारतीय, आफ्रिकी वंशाचे क्रिओल, चिनी व्यापाऱ्यांचे वंशज आणि मूठभर फ्रेंच मळेवाले यांचे मिळून हे राष्ट्र झाले आहे. महाशिवरात्र, थैपुसम कावडी, उगादी, ईद, नाताळ आणि चिनी वसंतोत्सव या सगळ्यांना तेथे सुट्टी असते, आणि त्यांच्या बरोबरीने १ फेब्रुवारी हा गुलामगिरीच्या अंताचा व २ नोव्हेंबर हा करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा दिवसही सुट्टीचा असतो. निवडणुकीत एखाद्या समाजाला पुरेसे प्रतिनिधित्व मिळाले नाही, तर पराभूत उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्यांतून काहींना संसदेत घेण्याची तरतूद तेथील राज्यघटनेत आहे. तरीही हे सहजीवन अखंड निर्वेध होते असे नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर बेटावर दंगली उसळल्या, आणि समाजासमाजांमधील विषमता जगाला दिसली.

भाषा आणि मतपेटी जेथे वेगळेपण मोजतात, तेथे स्वयंपाकघर ते मिसळून टाकते. मॉरिशसचा सर्वांत लाडका पदार्थ 'डॉल पुरी' हा आहे आणि तो पुरणपोळी लाटणाऱ्या कोणत्याही हाताला लगेच उमगेल. पिवळी डाळ हळद घालून बोटाने चुरडेल इतकीच शिजवतात, पाणी पूर्ण निथळून ती कोरडी वाटतात, जिऱ्याची पूड मिसळून मैद्याच्या उंड्यात भरतात आणि पातळ लाटून तव्यावर तेलाचा हात फिरवत भाजतात. निथळलेल्या डाळीच्या पाण्यातच कणीक भिजवायची, हे जाणत्या बायांचे कसब. पुरण आहे, पण गूळ नाही. रस्त्यावरच्या गाडीवर ही पुरी नेहमी जोडीने मिळते, आणि तिच्यात डबल बीची आमटी, 'रुगाय' नावाचा टोमॅटोचा रस्सा आणि कोथिंबिरीची चटणी घालून कागदात गुंडाळून देतात. भिजवलेल्या डाळीत मिरच्या वाटून तळलेले 'गातो पिमा' हे छोटे वडे सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात. मोहरी, हळद आणि सिरक्यात मुरवलेल्या माशाचा 'विंदाय' हा गोव्याच्या विंदालूचा चुलतभाऊ आहे, कारण दोघांचा पूर्वज पोर्तुगीजांचा. रताळे उकडून त्याच्या पारीत ओला नारळ आणि साखर भरून तळलेला अर्धचंद्र तेथे 'गातो पतात' म्हणून मिळतो, आणि तो दिसतो थेट करंजीसारखा.

हळदीला मॉरिशसमध्ये 'साफ्रान' म्हणतात, म्हणजे फ्रेंचांचे केशर तेथे हळद झाले, आणि लग्नाआधीच्या हळदीच्या समारंभालाही हेच नाव आहे. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील वाचकाला हळदीचा हा मान परका वाटणार नाही. मसाला वाटण्याचा दगडी पाटा तेथे 'रॉस कारी' या नावाने ओळखला जातो, आणि त्यावरच्या वरवंट्याला 'बाबा' म्हणतात. क्रिओल भाषेत बाबा म्हणजे तान्हे मूल. मराठी घरांत बारशाच्या दिवशी वरवंट्याला नटवून बाळासारखे पाळण्याभोवती फिरवतात. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध असल्याचा पुरावा नाही, पण पाट्यावर बसून वाटण वाटणाऱ्या बायकांना दोन्ही तीरांवर त्या दगडात मूल दिसावे, हे हृद्य आहे.

आज सातारा-सांगलीचा नदीकाठ स्वतःच उसाचा मुलूख झाला आहे. कृष्णा आणि वारणेच्या खोऱ्यांत सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि शेतकऱ्याला त्यांनी स्थैर्य दिले. त्याच वेळी दर हंगामाला बीड आणि इतर दुष्काळी भागांतून हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन येथे ऊसतोडीला येतात. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता' होतात, फडाजवळ पाचटाची कोपी घालून राहतात, आणि खाडा पडला की दंड भरतात. गिरमिट हा सरकारने राबवलेला करार होता, चुकल्यास तुरुंग दाखवणारा, आणि ही व्यवस्था तशी नाही, हा फरक मोठा आहे. परंतु एका दिवसाच्या गैरहजेरीची किंमत मजुरीच्या पलीकडे जाऊन वसूल करणारा खाडा आणि मॉरिशसमधील ती दुहेरी कपात यांचे नाते नाकारता येत नाही. मॉरिशसने आपल्या मजुरांच्या नोंदवह्या, घाटाच्या पायऱ्या आणि उतरल्याचा दिवस जपला, कारण तेथे मजुरांच्याच नातवंडांच्या हाती राष्ट्र आले. सातारा-सांगलीच्या फडांत येणाऱ्यांची अशी नोंद कोणी ठेवत नाही. कोपीत जन्मलेल्या मुलाची शाळा कोठे, आजारी पडलेल्या बाईचा दवाखाना कोठे, हे दर हंगामाला नव्याने शोधावे लागते. मोरस साखर आता दुकानांत येत नाही, साखर येथेच होते, आणि तिच्यामागच्या माणसांची नावे व गावे विचारून लिहून ठेवण्याची जबाबदारीही आता याच मुलखाची आहे.