आधीं नजर, मग पाय

फुटबॉलचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगोजवळील पार्टिक येथें इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यांत झाला. ज्याच्या पायाशीं चेंडू येईल त्यानें समोरच्यांना हुलकावण्या देत तो एकट्यानेंच पुढें न्यावा, अशी त्या काळीं इंग्रज खेळाडूंची रीत होती. स्कॉटलंडचे सर्व गडी क्वीन्स पार्क या एकाच क्लबाचे असून शरीरानें प्रतिपक्षाहून हलके होते. तरीही सामना एकही गोल न होतां बरोबरींत सुटला. पुढें सवंगड्याकडे चेंडू धाडण्याची, म्हणजेच 'पास' देण्याची कला हें स्कॉटिश खेळाचें वैशिष्ट्यच होऊन बसलें.

मुलांचे संघ निवडतांना या इतिहासाचा विसर पडतो. दहा-बारा वर्षांच्या वयांत जो उंच व दणकट तो चेंडू घेऊन सर्वांच्या पुढें धांवतो, आणि शिक्षकाची पसंती त्यालाच मिळते. लहानखुरा मुलगा रेषेबाहेर बसून राहतो व कांहीं दिवसांनीं मैदानावर येणेंच सोडतो. पण तीनचार वर्षांत इतर मुलें उंचीनें बरोबरीला येतात, आणि ज्यानें केवळ बळावर खेळ केला त्याच्यापाशीं दुसरें कांहींच उरत नाहीं. नुकसान दोघांचेंही होतें.

पासाचें शारीरिक अंग फारसें कठीण नाहीं. उभा पाय चेंडूच्या शेजारीं ठेवून त्याचा रोख सवंगड्याकडे असावा. घोटा ताठ धरावा. पायाच्या आंतील बाजूनें चेंडूच्या मध्यावर आघात करावा आणि पाय त्याच दिशेनें पुढें जाऊं द्यावा. चेंडूही वयाला साजेसा हवा. मोठ्यांच्या पांच नंबरी चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्याहून लहान असा चार नंबरी चेंडू द्यावा.

परंतु दोन मुलांना समोरासमोर उभें करून तासभर चेंडू इकडून तिकडे करविला, तरी सामन्यांत त्यांची त्रेधा उडते. कारण त्या सरावांत चेंडू कोणाकडे द्यावा, हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

तो प्रश्न उभा करणारा सराव म्हणजे स्पेनमध्यें रूढ असलेला 'रोंदो'. आठ-दहा पावलांचा चौकोन आंखून कडेला चार मुलें व मध्यें एक मूल उभें करावें. कडेच्यांनीं चेंडू आपसांत फिरवावा, मधल्यानें तो अडवावा, आणि ज्याच्याकडून चूक होईल त्याच्यावर राज्य यावें. प्रथम हवे तितके स्पर्श चालूं द्यावेत; पुढें दोन, आणि शेवटीं एकच. जागा जों जों आकुंचित होते व स्पर्श जों जों कमी होतात, तों तों निर्णय आधींच घेऊन ठेवणें भाग पडतें.

पासाचें खरें मर्म येथें आहे. चेंडू येण्यापूर्वीं मान वळवून सवंगडी कोठें आहेत व प्रतिस्पर्धी कोठून येत आहे हें पाहण्याची संवय लागली पाहिजे. नॉर्वेतील संशोधक गेइर योर्डेत यांनीं नामांकित खेळाडूंच्या हालचालींचा अभ्यास केला. चेंडू मिळण्यापूर्वीं जे अधिक वेळां आजूबाजूस पाहतात, त्यांचे पुढच्या दिशेचे पास अधिक प्रमाणांत सफल होतात, असें त्यांना आढळलें.

बार्सिलोना क्लबानें १९७९ सालीं 'ला मासिया' या जुन्या शेतघरांत होतकरू खेळाडूंसाठीं वसतिगृह उघडलें. तेथील शिक्षणांत रोंदोला मोठें स्थान मिळालें. २०१० सालच्या जगांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या निवडींत मेस्सी, इनिएस्ता व झावी हे पहिले तिघेही याच क्लबाच्या शिक्षणांतून तयार झालेले होते. उंची पाहावी तर तिघेही सुमारें ५ फूट ७ इंचांचे!

म्हणून सराव संपल्यावर "किती गोल केलेस?" असें विचारण्याऐवजीं "चेंडू येण्यापूर्वीं काय पाहिलेंस?" असें शिक्षकानें मुलाला विचारावें. पालकांनींही घरीं तेंच विचारावें. या प्रश्नाचें उत्तर देण्यास उंची लागत नाहीं. रेषेबाहेर बसविलेल्या मुलालाही तें देतां येतें.