शब्दाचे कूळ आणि शब्दाचे काम

आमच्या खेड्यापाड्यांतील मुलांना इंग्रजीची भीती वाटते, ती व्याकरणापेक्षा शब्दांची अधिक. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले हुशार मूल कॉलेजात पाऊल टाकते आणि पुस्तकाच्या एकाच पानावर वीस अनोळखी शब्द पाहून त्याचा धीर खचतो. मग याद्या करून घोकंपट्टी सुरू होते. आज पाठ केलेले शब्द आठ दिवसांनी आठवत नाहीत आणि 'इंग्रजी आपल्या नशिबी नाही' असे म्हणून चांगली मुले मागे सरतात. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हा विषय आम्ही आज हाती घेतला आहे.

सोयरीक जमविताना आपण स्थळाचे कूळ विचारतो आणि मुलगा सध्या काय करतो हेही विचारतो. शब्दाशी ओळख करून घेण्याची रीतही हीच आहे.

प्रथम कुळाचा विचार करू. लॅटिन भाषेत 'पोर्तारे' म्हणजे वाहून नेणे. त्यापासून आत आणणे ते 'इम्पोर्ट', बाहेर नेणे ते 'एक्स्पोर्ट', पलीकडे पोचविणे ते 'ट्रान्सपोर्ट', ओझे वाहणारा तो 'पोर्टर' आणि घडलेली हकीकत परत आणून सांगणे तो 'रिपोर्ट'. एक मूळ हाती आले की पाच शब्द आपोआप दारी येतात. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा इंग्रजी पत्रांतील 'एक्स्पोर्ट' हा शब्द शेतकऱ्याच्या मुलास निराळा शिकवावा लागला नसेल.

ज्या वडीलधाऱ्या मंडळींनी पूर्वीची लॅटिन मिस्सा ऐकली आहे, त्यांच्या कानी 'क्रेदो' हा शब्द अजून असेल. त्याचा अर्थ 'मी विश्वास ठेवतो'. बँक विश्वासावर पैसे देते, ते 'क्रेडिट'. ज्यावर विश्वास ठेवता येतो ते 'क्रेडिबल'. जे पाहून विश्वासच बसत नाही ते 'इन्क्रेडिबल'.

काही शब्द तर आपल्याच अंगणातून गेलेले आहेत. अरबीतील 'मौसिम' पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि 'मॉन्सून' झाला. आपला 'मोसम' त्याचाच भाऊ. इंग्रजीतील 'माँगूस' हा तर मराठी 'मुंगूस'च होय. जी भाषा आपल्याकडून शब्द घेऊन गेली, तिच्यापुढे मान खाली घालण्याचे कारण काय?

तथापि दोन गोष्टींविषयी सावध राहिले पाहिजे. पहिली अशी की, कुळाच्या सर्वच कथा खऱ्या नसतात. 'न्यूज' हा शब्द उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण ह्या दिशांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून झाला असे कित्येक ठिकाणी सांगतात. ते खरे नव्हे. 'न्यू' म्हणजे नवे, आणि 'न्यूज' म्हणजे नव्या गोष्टी, इतकेच. म्हणून मोठा शब्दकोश उघडून खात्री करून घ्यावी.

दुसरी अशी की, नुसत्या कुळावरून आजचे काम कळत नाही. त्याच लॅटिन मिस्सेतील 'सांक्तुस' म्हणजे पवित्र. त्याच घराण्यातील 'सँक्शन' म्हणजे मूळचा विधिपूर्वक केलेला, मोडू नये असा कायदा. कायदा एका बाजूने मान्यता देतो, तर दुसऱ्या बाजूने तो मोडणाऱ्यास शिक्षा सांगतो. म्हणून बँकेने कर्ज 'सँक्शन' केले म्हणजे ते मंजूर झाले. परंतु २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर पाश्चात्त्य राष्ट्रांनी रशियावर 'सँक्शन्स' लादल्या, तेथे अर्थ निर्बंध असा आहे. पहिलाच अर्थ पाठ केलेला मुलगा ती बातमी वाचून रशियाला काहीतरी मंजूर झाले असे समजेल! शब्दाचा शेजार पाहिल्यावाचून त्याचे काम उमगत नाही, आणि तो शेजार रोजच्या बातमीत दिसतो.

आमची सूचना अगदी साधी आहे. एक वही करावी. दर रविवारी इंग्रजी वर्तमानपत्रातील तीन शब्द निवडावेत. शब्द, त्याचे मूळ आणि बातमीतील ते संपूर्ण वाक्य अशा तीन गोष्टी लिहाव्यात. खाली त्या मुळाचे इतर शब्द सुचतील तसे जोडीत जावे. वर्षाकाठी दीडशेवर शब्द होतात, आणि त्यांची भावंडे निराळीच.

ज्या आईबापांना इंग्रजी येत नाही, त्यांनीही ह्या कामातून अंग काढून घेऊ नये. रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाला जवळ बसवून दोनच प्रश्न विचारावेत: हा शब्द कोणत्या घरचा, आणि आजच्या बातमीत तो काय करतो? मराठीतून उत्तर देता आले, म्हणजे तो शब्द मुलाचा झाला असे खुशाल समजावे.